मोटेवरचं विमान

परवा मांजरसुंब्याच्या एका हॉटेलात चहा घेत बसलो होतो. शेजारच्या बाकावर चौघे जण वर्तमानपत्रातल्या बातमीवरून भांडत होते. कुठल्याशा देशात म्हणे विमान चालवणाऱ्याला आकाशातच चक्कर आली, आणि जन्मात विमानाला हात न लावलेल्या एका प्रवाशाने ते खाली आणलं. एक म्हणत होता, शक्यच नाही, पेपरवाले काहीही छापतात. दुसरा म्हणत होता, खालून कुणी सांगत गेलं तर का नाही जमणार? तिसऱ्याने त्याला विचारलं, "तुला बायकोनं खालून सांगितल्यावर कौलं तरी नीट बसवता आली का बे?" चौथा माझ्याकडे वळला. "काय बाबा, तुमाला काय वाटतं?"

ज्याने सारं आयुष्य रंगभूमीवर घालवलं, त्याला कुणी मत विचारलं की तो आधी घसा साफ करतो आणि मग उभा राहतो. मी उभा राहिलो. म्हणालो, "जमतं. मी स्वतः, काही न शिकता, विमानातून सुखरूप उतरलेलो आहे. फक्त बैल चांगले पाहिजेत."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने मालकाला खूण करून हळूच माझ्या चहाचे पैसे दिले.

त्यांची गाडी आली, ते गेले, आणि माझं भाषण घशातच राहिलं. म्हणून इथे लिहितो. वाचताना वाटेल, म्हातारा स्वतःचंच कौतुक सांगतोय. नटाला दुसऱ्याबद्दल लिहायला सांगितलं तरी तो आरशासमोर बसूनच लिहितो, त्याला इलाज नाही. पण ही हकिकत आश्रुबाची आहे.

आश्रुबा हा चौसाळ्याच्या मल्लिनाथअप्पांचा सालगडी. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. अप्पांचं गावात कापडाचं दुकान आणि गावाबाहेर, सडकेला लागून, विहिरीचा मळा. आश्रुबा तिथे मोट हाकायचा. आताच्या पोरांनी मोट पाहिलेली नसते. चामड्याची मोठी पखाल विहिरीत सोडलेली असायची. तिचा दोर, ज्याला नाडा म्हणायचे, चाकावरून बैलांच्या जुवाला बांधलेला. विहिरीपासून उताराची वाट असायची, ती धाव. बैल धावेवरून खाली चालत गेले की मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, भसकन रिकामी व्हायची. ओझं सुटलं, पाण्याचा आवाज झाला, की बैल एकेक पाऊल मागे टाकत विहिरीपाशी यायचे आणि मोट पुन्हा खाली. दिवसभर हेच. उतारावर जाताना आश्रुबा नाड्यावर बसायचा, झोपाळ्यावर बसल्यासारखा, आणि गायचा.

त्याचा आवाज ओल्या ताशासारखा होता. पण तो स्वतःला मोठा गवई समजायचा. चौसाळ्यापासून बीडपर्यंत आपल्यासारखी मोटेवरची गाणी कुणाला येत नाहीत, असं तो कुणी न विचारता सांगायचा. कपिलधारला जाणारे यात्रेकरू मळ्यात पाणी प्यायला थांबत. आश्रुबा मोट थांबवून त्यांना पोटभर पाणी द्यायचा, भाकरी असली तर भाकरी द्यायचा, आणि त्या बदल्यात दोन गाणी ऐकवायचा. पाणी मिळेल पण सुटका मिळणार नाही, असा तो मळा होता. त्याची बायको भिवराबाई पाटाचं पाणी वाफ्यात फिरवायची. ती म्हणायची, "ह्यांच्या गान्यानं बैलं मागं सरत्यात ते भिऊन."

पुढे बऱ्याच वर्षांनी, राज्य गेलं, मोटा गेल्या, अप्पांच्या पोरांनी विहिरीवर इंजिन बसवलं. तेव्हाही आश्रुबा इंजिनाशेजारी बसून गायचा. इंजिनाच्या आवाजात गाणं ऐकू येत नसे म्हणून तो आणखी जोरात गायचा. भिवराबाईला विचारलं, इंजिन कसं आहे? ती म्हणाली, "लई चांगलं हाय. ह्यांच्याहून मोठा आवाज हाय त्याचा."

ते जाऊ द्या. विमानाचं सांगत होतो.

निजामाच्याच काळात, एका साली चौसाळ्यावरून एक विमान गेलं. कुणाचं, कुठून कुठे, कुणालाच कळलं नाही. बायका तव्यावरच्या भाकरी तशाच सोडून अंगणात धावल्या आणि अख्ख्या गावाने त्या दिवशी करपलेल्या भाकरी खाल्ल्या. अप्पांची एक लहानशी नाटक मंडळी होती. मी तिच्यातला नायक, आणि दुर्दैवाने नाटककारही. अप्पांनी मला दुकानात बोलावलं.

"शहादेवा, ज्या गावानं भाकरी जाळून इमान बघितलं, ते गाव इमानाचं नाटक सोडील का? यात्रेच्या टायमाला खेळ लावू. तू लिही."

मी लिहिलं. नाटकाचं नाव सांगत नाही, कारण लेखक मीच होतो. गोष्ट अशी, की राजपुत्र विमानात बसतो, विमान हाकणाऱ्याला आकाशातच नाग डसतो (नाग तिथे कसा गेला हे मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही), आणि राजपुत्र कधी विमानाला हात लावलेला नसताना, एक पद म्हणत म्हणत, ते थेट राजकन्येच्या बागेत उतरवतो. राजपुत्र मी. राजकन्या आमचा बद्रीनाथ. तो नऊवारी नेसला की गावच्या बायका त्याच्याकडे पाहून आपले पदर नीट करत.

विमान सुताराने बांबूचं केलं, त्यावर अप्पांच्या दुकानात न खपलेला मांजरपाट चढवला, पुढे पत्र्याचा पंखा. दिसायला झकास. पण मला आत बसवून ते वर ओढायचं कुणी? आमच्या मंडळीत पडदा ओढणारा माणूससुद्धा मधेच दम घ्यायचा. तेव्हा मला कल्पना सुचली. आयुष्यात मला सुचलेल्या कल्पनांपैकी ही सर्वांत मोठी, असं मी तेव्हा म्हणत असे. रंगमंच मळ्यातच बांधायचा, विहिरीला लागून. मंचावर उंच खांब, त्यावर आडवी तुळई, तुळईवरून नाडा, आणि नाड्याला आश्रुबाचे बैल. बैल धावेवरून खाली गेले की विमान वर. बैल मागे सरले की विमान खाली.

आश्रुबाला सांगितलं तेव्हा त्याने पागोटं काढून डोकं खाजवलं.

"राजे," तो म्हणाला. मला तो राजेच म्हणायचा, मी विहिरीवर धोतर आपटत असलो तरी. "तुमच्या राजपुत्रानं इमान कंदीच हाकलेलं न्हाई म्हनता. मंग तो उतरवाया जातो कावून?"

"संकट आलंय म्हणून."

"संकट आलं की येतं व्हय? मंग आमचा मेव्हना हिरीत पडला तवा त्याला पवाया आलं असतं की."

"अरे, त्याच्या अंगात राजाचं रक्त आहे. आणि खरं विमान म्हणजे तरी काय मोठं? एक दांडा ओढायचा, एक सोडायचा. डोकं शांत ठेवलं की कुणालाही जमेल." हे मी अशा भरदार आवाजात सांगितलं की माझं मलाच पटलं.

आश्रुबालाही पटलं. तो माझ्यासारखाच होता. "मंग सोपंच हाय," तो म्हणाला. "रोज मोटा उतरवतो, आता राजे उतरवू. पर माझी एक अट हाय. एक गानं म्हनू द्या मला."

मी हसलो. तुम्ही नट असता तर तुम्हीही हसला असता. विमान आकाशात, खाली सगळी यात्रा, आणि माझ्या पदावर हा ओला ताशा? मी म्हणालो, "आश्रुबा, मी वर असताना खालून एक अक्षर ऐकू येता कामा नये. शपथ घे."

त्याचं तोंड उतरलं. पण त्याने पाखऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली.

तालीम केली ती रिकाम्या विमानाची. बैल निमूट खाली गेले, निमूट मागे सरले, विमान पिसासारखं टेकलं. अप्पा म्हणाले, "शहादेवा, एकदा आत बसून बघ की." मी मान उंचावून म्हणालो, "अप्पा, नट उडतो तो प्रेक्षकांसमोरच." खरं कारण असं, की मला उंचीची भीती वाटायची, आणि दोनदा मरण्यापेक्षा एकदाच मरावं असा माझा हिशेब होता.

खेळ दिवसाउजेडी ठेवला होता. अमीनसाहेबांनी, म्हणजे निजामाच्या फौजदारांनी, परवानगी देताना बजावलं होतं, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजाआधी सगळं आटोपलं पाहिजे. स्वतः ते पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. कपिलधारहून परतणारी माणसं बैलगाड्या सोडून मळ्याच्या बांधाबांधावर बसली होती. झाडांवरसुद्धा माणसं.

माझा प्रवेश आला. मी जरीचा अंगरखा, मुकुट, तलवार, नाल ठोकलेले बूट असा सगळा राज्यकारभार अंगावर घेऊन विमानात बसलो. आश्रुबाने धावेच्या तोंडाशी उभं राहून हात वर केला. बैल निघाले. मी वर गेलो. काय सांगू! टाळ्यांचा असा कडकडाट मी पुन्हा कधी ऐकला नाही. खाली बद्रीनाथ कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहत होता. मी पद सुरू केलं. "उतरू कसा मी, सांग सखे" असा त्याचा मुखडा होता. पद संपलं. मी दांडा ओढला, ही आश्रुबाला खूण होती, आणि उतरायची वाट पाहू लागलो.

विमान जागचं हललं नाही.

मी दांडा पुन्हा ओढला. तो नुसता बांबू होता, तो हातात आला. वरून मला सगळं दिसत होतं. धावेच्या टोकाला दोन्ही बैल पाय रोवून उभे. आश्रुबा त्यांच्यापुढे उभा राहून दोन्ही हातांनी त्यांना मागे सरायच्या खुणा करत होता. बैल त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होते, की याला वेड लागलं काय? आणि तेव्हा मला उमगलं. रिकामं विमान म्हणजे रिकामी मोट, तिच्यामागे ते सुखाने सरले होते. आता नाड्याला मी होतो, राज्यकारभारासकट. भरली मोट घेऊन जो बैल मागे सरतो तो विहिरीत जातो, हे त्यांना लहानपणीच शिकवलेलं. पाणी पडल्याशिवाय, ओझं सुटल्याशिवाय ते पाऊल मागे टाकणार नव्हते. पाणी माझ्यापाशी नव्हतं. होतं ते घशातलंही वाळलं होतं.

मी पद पुन्हा म्हटलं. लोकांना वाटलं, राजे रंगात आलेत. तिसऱ्यांदा "उतरू कसा मी" म्हटल्यावर लोकांना प्रश्न खरा वाटू लागला.

"उजवीकडं वळवा!" झाडावरून एक जण ओरडला.

"आरं, पंखा फिरवा पंखा! पंख्याबिगर कसं उतरल?"

"वजन लई झालं त्याचं. वजन कमी करा!"

त्या मळ्यात कुणीही विमान चालवलेलं नव्हतं आणि सगळ्यांना ते कसं उतरवायचं ठाऊक होतं. मी तर बुडणारा माणूस, मिळेल ती काडी धरत होतो. मुकुट फेकला. तलवार फेकली. बूट फेकले, त्यातला एक पेटीवाल्याला लागला आणि पेटी बंद पडली. शेवटी मिशासुद्धा उपटून टाकल्या. वजनाच्या दृष्टीने त्यांचा काही उपयोग नव्हता, पण माणूस घाबरला की हिशेब करत नाही. तेवढ्यात डोक्यावरच्या तुळईने करकर असा आवाज काढला. खाली फळ्या होत्या, आणि फळ्यांच्या कडेला अप्पांची खोल विहीर.

बद्रीनाथ बिचारा प्रवेश सांभाळत होता. "नाथ," तो गोड आवाजात म्हणाला, "किती वेळ या दासीला तिष्ठत ठेवाल?" आणि मग दातांतल्या दातांत, त्याच्या खऱ्या आवाजात, "शहादेव, काय झालंय बे?"

अमीनसाहेबांनी सूर्याकडे पाहिलं. "अरे अप्पा, ये राजा नीचे कब आता? मगरिब होने को आई."

आश्रुबा खालून माझ्याकडे पाहत होता. तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांत पाणी. त्याला गायचं होतं. हजार वेळा त्याच्या गाण्यावर ते बैल मागे सरलेले होते. पण पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवलेला होता, आणि तो हात फक्त मीच सोडवू शकत होतो.

मी काय केलं असेल? मरायच्या वेळीही नटाला वाटतं, संवाद चांगला पडला पाहिजे. मी हात पसरले आणि गरजलो, "हे पाताळातल्या गंधर्वा! आपल्या दिव्य कंठाने या राजपुत्राला मार्ग दाखव!"

आश्रुबाने मागे वळून पाहिलं, गंधर्व कुठे आहे ते. राजकन्येने पदर खोचला, मंचाच्या कडेला आली आणि ओरडली, "आश्रुबा, तुलाच म्हनतेत! गा की बे!"

तो तरीही माझ्याकडेच पाहत राहिला. तेव्हा मी राजपुत्र नव्हतो, कुणीच नव्हतो. म्हणालो, "गा बाबा. सोडली शपथ. गा."

आणि आश्रुबाने तोंड उघडलं.

"सर रं मागं, मागं सर,
पाखऱ्या लेका, मागं सर,
पाटाला पानी, पिकाला लहर,
सर रं मागं, मागं सर."

बैलांनी कान टवकारले. पाखऱ्याने एक पाय उचलला, पण नाड्याचा ताण लागताच तो पुन्हा होता तिथे ठेवला. आश्रुबाने दुसऱ्यांदा म्हटलं. बांधावरची माणसं शेतकरीच. सगळ्यांच्या घरी मोटा. त्यांनी धरलं, "मागं सर, मागं सर." सगळी यात्रा गाऊ लागली आणि बैल तसेच.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून भिवराबाई उठली. तिने कुणाला काही विचारलं नाही. प्यायच्या पाण्याची भरली घागर उचलली, विहिरीच्या काठावर गेली आणि थारोळ्यात भसकन ओतली.

पाण्याचा आवाज झाला. बैल मागे सरले.

पण ते रिकाम्या मोटेच्या सवयीने सरले, आणि नाड्याला तर मी होतो. मी एकदम खाली आलो, मग बैलांनी दचकून पाय रोवले तसा लोंबकळलो, मग पुन्हा खाली, पुन्हा लोंबकळलो. आश्रुबा जुवाला पोटाशी धरून, मागे रेटा लावून, गातच होता. शेवटचा टप्पा बद्रीनाथच्या अगदी पुढ्यात. डावा पंख मोडला, मांजरपाट टरकन फाटला, आणि मी कमरेवर बसलो. पण उतरलो. सगळे हातपाय मोजले, होते.

मग आवाज उठला, "वन्स मोअर!"

नट जगतो तो या दोन शब्दांवर. कंबर धरून मी उठलो, छातीवर हात ठेवून वाकलो, घसा साफ केला आणि "उतरू कसा मी" सुरू केलं.

"ते नगं!" बांधावरून दहा आवाज आले. "इमान! इमान आन् मोटंचं गानं!"

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा खांबाला टेकून तुळई पाहत होते. "टिकती," ते म्हणाले. अमीनसाहेबांनी पुन्हा सूर्याकडे पाहिलं, मग सुताराला बोट दाखवून म्हणाले, "जल्दी करो. और वो गानेवाले को सामने लाओ, उसकी सूरत दिखनी चाहिए."

सुताराने पंखाला बांबूचा तुकडा बांधला. आश्रुबा मंचावर आला. हातात चाबूक, अंगावर घामाने भिजलेली बंडी. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याने आधी बैलांकडे तोंड करून हात जोडले, मग लोकांकडे. आयुष्यभर मी नमस्काराचे नाना प्रकार शिकलो, पण असा एकही मला जमला नाही.

मग तो माझ्याकडे आला. "बसा राजे."

"आश्रुबा, माझी कंबर..."

"आता भ्याचं कारन न्हाई. मगाशी बैलांला ठावं नव्हतं. आता शिकली ती."

"आणि मी?"

"तुमी निस्तं बसा की."

काठावर भिवराबाई घागर पुन्हा भरून उभी होती. "बसा लवकर," ती म्हणाली, "घागर जड हाय."

मी बसलो. मुकुट नाही, बूट नाही, वरच्या ओठावर चिकटलेला मिशीचा डिंक तेवढा शिल्लक. बैल निघाले आणि मी वर गेलो. या वेळी पद म्हटलं नाही. दोन्ही हातांनी बांबू धरले आणि डोळे मिटून घेतले. खालून आश्रुबाचा आवाज येत होता, मोठा, फाटका आणि इतका आनंदी, की अख्खा मळा त्याच्या मागून गात होता. मध्येच पाणी पडल्याचा आवाज आला. मी श्वास रोखून धक्क्याची वाट पाहत राहिलो.

"शहादेव," बद्रीनाथ कानापाशी म्हणाला, "उतर आता. कवाच टेकलंय."

तेव्हा डोळे उघडले.